सीक द पीक

सीक द पीक हा अमेरिकेच्या न्यू हॅम्पशायर राज्यातील माउंट वॉशिंग्टन या पर्वतावर दरवर्षी जुलै महिन्यात होणारा निधिसंकलनाचा गिरिभ्रमण उपक्रम आहे. या पर्वताच्या माथ्यावर हवामानाच्या नोंदी घेणाऱ्या माउंट वॉशिंग्टन वेधशाळेने तो २००१ साली सुरू केला. सहभागी व्यक्ती आपले नातलग, मित्र व सहकारी यांच्याकडून वेधशाळेसाठी देणग्या गोळा करतात, ठरलेल्या सप्ताहअखेरीस डोंगर चढतात आणि खाली उतरल्यावर पायथ्याशी भरणाऱ्या मेळ्यात एकत्र येतात. नावाचा शब्दशः अर्थ ‘शिखराचा शोध घ्या’ असा होतो. मूळ इंग्रजी शब्दांतील यमक मराठीत उतरत नाही. वेधशाळेच्या वार्षिक निधिसंकलनातील हा सर्वांत मोठा उपक्रम आहे.

पर्वत आणि त्याचे हवामान

माउंट वॉशिंग्टनची उंची १,९१७ मीटर (६,२८८ फूट) आहे. महाराष्ट्रातील कळसूबाई शिखरापेक्षा (१,६४६ मीटर) तो जेमतेम २७० मीटरांनी उंच आहे. हिमालयाच्या मानाने तर त्याला टेकडीच म्हणावे लागेल. परंतु केवळ उंचीवरून या पर्वताचा अंदाज बांधणारे फसतात. वादळांचे नेहमीचे अनेक मार्ग अमेरिकेच्या ईशान्य भागात एकमेकांजवळ येतात. त्यातच हा पर्वत ज्या प्रेसिडेन्शियल रांगेत आहे ती रांग पश्चिमेकडून येणाऱ्या वाऱ्याला आडवी उभी आहे. उतारावरून वर ढकलला गेलेला वारा शिखर आणि त्यावरील हवेचा थर यांच्यामध्ये चेपला जातो व अरुंद नळीतून जाणाऱ्या पाण्याप्रमाणे त्याचा वेग वाढतो.

शिखरावरील वाऱ्याचा वार्षिक सरासरी वेग ताशी सुमारे ५६ किलोमीटर आहे. जुलै हा सर्वांत उबदार महिना, पण त्याचेही सरासरी तापमान १० अंश सेल्सिअसच्या आतच राहते. शिखरावर आजवर नोंदले गेलेले सर्वोच्च तापमान २२ अंश आहे. बर्फ पडल्याची नोंद नाही, असा वर्षातला एकही महिना नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये तापमान उणे ४४ अंशांपर्यंत उतरले आणि वाऱ्यामुळे अंगाला जाणवणारी थंडी उणे ७८ अंशांइतकी मोजली गेली.

वेधशाळा

भारतात हवामानाचे निरीक्षण हे प्रामुख्याने सरकारी काम मानले जाते. भारतीय हवामानशास्त्र विभाग १८७५ पासून ते करीत आला आहे. अमेरिकेतही राष्ट्रीय हवामान सेवा सरकारीच आहे. माउंट वॉशिंग्टन वेधशाळा मात्र ना-नफा तत्त्वावर चालणारी खाजगी संस्था आहे. सदस्यांची वर्गणी, देणग्या, अनुदाने आणि संशोधनाची कामे यांवर तिचा खर्च भागतो. निरीक्षण केंद्र चालू ठेवण्यासाठी लोकांना डोंगर चढायला बोलवावे लागते ते यामुळेच.

या शिखरावर हिवाळा काढून नोंदी घेण्याचा पहिला प्रयत्न चार्ल्स हिचकॉक आणि जोशुआ हंटिंग्टन यांच्या पुढाकाराने १८७०–७१ च्या हिवाळ्यात झाला. त्यानंतर अमेरिकी सैन्याच्या सिग्नल सेवेने १८९२ पर्यंत तेथे ठाणे चालवले. ते बंद झाल्यावर सुमारे चाळीस वर्षे शिखरावर नियमित नोंदी झाल्या नाहीत. १९३२ मध्ये काही उत्साही मंडळींनी न्यू हॅम्पशायर विज्ञान अकादमीच्या अवघ्या ४०० डॉलरच्या अनुदानावर वेधशाळा पुन्हा उभी केली. तिचे पहिले बिऱ्हाड शिखरावरील घोडागाड्यांच्या जुन्या कचेरीत होते. वाऱ्याने उडून जाऊ नये म्हणून ही इमारत साखळदंडांनी खडकाला बांधलेली होती.

१२ एप्रिल १९३४ रोजी याच इमारतीतील निरीक्षकांनी ताशी ३७२ किलोमीटर (२३१ मैल) वेगाचा झोत मोजला. सॅल्व्हातोरे पाग्लिउका, अलेक्झांडर मॅकेन्झी आणि वेंडेल स्टीफन्सन हे तिघे त्या वेळी सेवेत होते. त्या दिवशी पहाटे वेगमापकावर बर्फ साचले असावे अशी शंका आल्याने स्टीफन्सन लाकडी दांडके घेऊन बाहेर पडला आणि त्या वाऱ्यात छतावर चढून त्याने ते बर्फ झोडपून काढले. उपकरण मोकळे झाले नसते, तर दुपारचा झोत त्यावर नीट नोंदला गेला नसता. हा जागतिक उच्चांक सहा दशके टिकला. ऑस्ट्रेलियाच्या बॅरो बेटावर १९९६ साली ऑलिव्हिया चक्रीवादळात स्वयंचलित उपकरणाने ताशी ४०८ किलोमीटरची नोंद केली व जागतिक हवामान संघटनेने २०१० मध्ये तिला मान्यता दिली. तथापि, माणसाने जागेवर हजर राहून मोजलेला सर्वाधिक वेग म्हणून १९३४ च्या नोंदीचा मान कायम आहे.

१९८० पासून वेधशाळा शिखरावरील शर्मन ॲडम्स इमारतीत आहे. निरीक्षकांच्या तुकड्या तेथे आठवडा-आठवडा राहतात आणि बुधवारी बदलतात. हिवाळ्यात ही ये-जा पट्ट्यांवर चालणाऱ्या हिमवाहनाने होते. दिवसरात्र दर तासाला एक निरीक्षक बाहेर जाऊन दोरीने गरगर फिरवायच्या तापमापकांवर तापमान व आर्द्रता मोजतो, किती दूरचे दिसते ते टिपतो आणि गोठलेल्या उपकरणांवरचे बर्फ काढतो. स्वयंपाकपाणी करण्यासाठी स्वयंसेवक वर राहायला येतात. वेधशाळेत मांजर पाळण्याची जुनी परंपरा आहे. २०२१ पासून तो मान ‘निंबस’ नावाच्या बोक्याकडे आहे. याच नोंदींच्या आधारे वेधशाळा उंच शिखरांसाठी रोजचा स्वतंत्र हवामान अंदाज प्रसिद्ध करते. दरीतील गावांचा अंदाज माथ्यावर मुळीच लागू पडत नसल्याने गिर्यारोहक, बचाव पथके व वनरक्षक याच अंदाजावर विसंबतात. सीक द पीकमध्ये जमणारा पैसा या कामासाठी वापरला जातो.

उपक्रमाचे स्वरूप

सहभागी होणाऱ्याने प्रथम नाव नोंदवायचे असते. एकट्याने किंवा गट करून भाग घेता येतो. कुटुंबे आणि एका कार्यालयातील सहकारी असे गट नेहमी दिसतात. नोंदणीनंतर प्रत्येक जण आपल्या ओळखीच्या लोकांकडे देणगी मागतो. आपल्याकडील गणेशोत्सवाच्या वर्गणीशी या पद्धतीचे साम्य आहे. फरक इतकाच, की येथे मागणारा स्वतः काहीतरी कष्ट करण्याचे वचन देतो आणि देणारा त्या कष्टाला मान देऊन पैसे देतो. अधिक निधी जमवणाऱ्यांना गिरिभ्रमणाचे साहित्य बक्षीस म्हणून मिळते.

चढाई ही शर्यत नसते. वेळ मोजली जात नाही, क्रमांक दिले जात नाहीत. कोणत्या वाटेने जायचे आणि कोठून परतायचे हे ज्याचे त्याने ठरवायचे असते. चढाईनंतर पायथ्याच्या मैदानावर जेवण, संगीत, साहित्याची दालने आणि बक्षीस समारंभ असा मेळा भरतो. २०२० मध्ये कोव्हिड साथीमुळे एकत्र येणे शक्य नव्हते, तेव्हा प्रत्येकाने आपापल्या परिसरात चालावे अशी योजना झाली. उपक्रमाला त्यामुळे आलेली लवचीकता पुढेही टिकली असून माउंट वॉशिंग्टन न चढता अन्य डोंगरवाट किंवा सायकलफेरी निवडणारेही आता सहभागी होऊ शकतात.

मार्ग

पूर्वेकडील पिंकहॅम नॉच येथून निघणारी टकरमन रॅव्हिन वाट सर्वांत प्रसिद्ध आहे. तिची एका बाजूची लांबी ६.८ किलोमीटर असून तेवढ्यात सुमारे १,३०० मीटर चढावे लागते. हिमनदीने कोरलेल्या खोल कढईसारख्या दरीच्या भिंतीवरून तिचा एक टप्पा जातो. पश्चिमेकडून अमोनूसक रॅव्हिन आणि ज्युएल या वाटा आहेत. अमोनूसकच्या वाटेवर लेक्स ऑफ द क्लाउड्स हे अ‍ॅपलाचियन माउंटन क्लबचे निवासस्थान लागते.

शिखरावर जाण्यासाठी चालण्याखेरीज दोन साधने आहेत. १८६१ मध्ये खुला झालेला १२ किलोमीटरांचा गाडीरस्ता आणि १८६९ पासून चालणारी दातेरी रुळांची रेल्वे. पर्वत चढणारी ही जगातील पहिली दातेरी रेल्वे होय. घामाघूम होऊन माथ्यावर पोहोचलेल्या माणसाला तेथे आगगाडीतून उतरलेले पर्यटक छायाचित्रांसाठी रांग लावून उभे दिसतात.

धोके

उन्हाळ्यातील हा उत्सव ज्या डोंगरावर होतो, तेथे आणि त्याच्या रांगेत १८४९ पासून दीडशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली आहेत. हे सर्व मृत्यू हिवाळ्यातले नाहीत. सप्टेंबर १८५५ मध्ये लिझी बोर्न ही तरुणी अंधार आणि वादळात सापडून शिखरावरील निवाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर मरण पावली. निवारा इतका जवळ आहे हे तिच्या सोबत्यांना कळलेच नव्हते. ३० जून १९०० रोजी विल्यम कर्टिस आणि त्याचा तरुण साथीदार ॲलन ऑर्म्सबी हे अ‍ॅपलाचियन माउंटन क्लबच्या शिखरावरील सभेला पायी निघाले असता बर्फाळ वादळात गारठून मेले. कर्टिस हा अमेरिकेतील नामवंत क्रीडापटू होता. या घटनेनंतर वाटेवर निवारा बांधण्यात आला आणि त्याच भागात १९१५ साली लेक्स ऑफ द क्लाउड्स उभे राहिले.

गारठून मरण्यासाठी तापमान शून्याखाली जावे लागत नाही. भिजलेले सुती कपडे, वारा आणि थकवा एवढे पुरते, आणि या तिन्ही गोष्टी जुलैतही एका तासात जमून येऊ शकतात. म्हणून येथे येणाऱ्यांना लोकरी किंवा कृत्रिम धाग्याचे जादा कपडे, पावसाळी अंगरखा, टोपी, हातमोजे आणि डोक्याला बांधायचा दिवा जवळ ठेवण्यास सांगितले जाते. वृक्षरेषेच्या वर आडोसा नसल्याने वादळाची चिन्हे दिसताच परत फिरणे हाच शहाणपणा ठरतो. देणगीदारांना दिलेल्या वचनाचे ओझे वाटून पुढे रेटत राहण्याचा मोह मात्र निधिसंकलनाच्या कोणत्याही चढाईत असतोच. देणगी शिखर गाठण्यावर अवलंबून नसणे हे म्हणूनच या पद्धतीचे महत्त्वाचे अंग मानले पाहिजे. निष्काळजीपणामुळे संकटात सापडलेल्या व्यक्तीकडून सुटकेचा खर्च वसूल करण्याची तरतूद न्यू हॅम्पशायरच्या कायद्यात आहे.

वनस्पती आणि गर्दी

सुमारे १,४०० मीटरांच्या वर झाडे संपतात आणि उत्तर ध्रुवाकडील प्रदेशात आढळणाऱ्या ठेंगण्या वनस्पती सुरू होतात. पाचोळ्याएवढ्या मातीत त्या अतिशय सावकाश वाढतात. थंडीवाऱ्याला त्या पुरून उरतात, पण बुटाखाली टिकत नाहीत. रॉबिन्स सिंकफॉइल हे पिवळ्या फुलांचे इवलेसे रोप येथील पायवाटेखाली चिरडले जाऊन नामशेष होण्याच्या बेतात होते. वाट दुसरीकडे वळवून व नवी रोपे लावून त्याची संख्या वाढवण्यात आली आणि २००२ मध्ये ते संकटग्रस्त जातींच्या यादीतून वगळले गेले. एकाच सप्ताहअखेरीस मोठ्या संख्येने माणसे येतात तेव्हा वाट न सोडता खडकावरूनच पाऊल टाकण्याचा नियम म्हणूनच काटेकोरपणे पाळावा लागतो.

तत्सम उपक्रम

याच धर्तीचा पण बराच मोठा उपक्रम म्हणजे ऑक्सफॅम ट्रेलवॉकर. हाँगकाँगमध्ये १९८१ साली गुरखा सैनिकांच्या सरावातून तो सुरू झाला आणि १९८६ मध्ये सर्वसामान्यांसाठी खुला झाला. त्यात चौघांच्या गटाने मॅकलहोज वाटेवरील १०० किलोमीटर अंतर ४८ तासांत पार करायचे असते. सीक द पीकमध्ये नसलेली कालमर्यादा येथे आहे. ऑक्सफॅमच्या भारतीय शाखेने हा उपक्रम बंगळूर आणि मुंबई परिसरातही भरवला होता.