प्रेक्षकगणना आणि प्रेक्षकनिरीक्षण

दूरचित्रवाणीवरील पहिली अधिकृत जाहिरात १ जुलै १९४१ रोजी न्यूयॉर्क येथे दाखविण्यात आली. ती बुलोव्हा घड्याळांची असून अवघ्या दहा सेकंदांची होती. ती नेमकी कोणी पाहिली हे कळण्यास जाहिरातदारापाशी साधन नव्हते. पुढे १९५० पासून नील्सन संस्थेने निवडक कुटुंबांच्या संचांस नोंदयंत्रे जोडून ही उणीव अंशतः भरून काढली. परंतु ही कुटुंबे थोडी होती, आणि आपली नोंद होत आहे हे त्यांस ठाऊक होते.

इंटरनेटशी जोडलेल्या संचाने या दोन्ही मर्यादा पुसून टाकल्या. त्याचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे अमेरिकेतील व्हिझिओ कंपनीचे प्रकरण होय. फेडरल ट्रेड कमिशनच्या तक्रारीनुसार, फेब्रुवारी २०१४ पासून या कंपनीचे संच पडद्यावरील काही चित्रबिंदू सेकंदासेकंदाला टिपून कंपनीकडे पाठवीत. तेथे ते ज्ञात कार्यक्रमांच्या संग्रहाशी ताडले जात. त्यामुळे चित्र केबलवरून आलेले असो वा डीव्हीडीवरून, ते ओळखले जाई. पूर्वी विकलेल्या संचांतही ही योजना दुरूनच बसविण्यात आली. अशी नोंद होणारे नवे-जुने मिळून एकूण संच १ कोटी १० लाख होते. या नोंदींस वय, उत्पन्न, वैवाहिक स्थिती इत्यादी माहितीची जोड देण्याचीही सोय होती.

भाषेच्या अभ्यासकास यातील एक तपशील विशेष उद्बोधक वाटेल. या योजनेस संचावर 'स्मार्ट इंटरॅक्टिव्हिटी' असे नाव होते, आणि तिच्यामुळे कार्यक्रमांविषयी सूचना मिळतात एवढाच खुलासा होता. बहुसंख्य संचांवर तशा सूचना दोन वर्षांहून अधिक काळ आल्याच नव्हत्या! ज्या नावातून वस्तूचा बोधच होत नाही, त्यास दिलेली संमती ही संमती कशी मानावी?

फेब्रुवारी २०१७ मध्ये कंपनीने २२ लाख डॉलर भरून तडजोड केली. १ मार्च २०१६ पूर्वीच्या नोंदी नष्ट करणे व यापुढे स्पष्ट संमती घेणे तिला बंधनकारक झाले. व्यवसाय मात्र थांबला नाही. २०२१ च्या तिसऱ्या तिमाहीत संचविक्रीतून कंपनीस २.५६ कोटी डॉलर ढोबळ नफा झाला, तर जाहिराती व प्रेक्षकमाहिती यांवर मुख्यतः आधारलेल्या विभागातून ५.७३ कोटी. डिसेंबर २०२४ मध्ये वॉलमार्टने ही कंपनी सुमारे २३० कोटी डॉलरांस विकत घेतली. किराणा विकणाऱ्या या व्यापाऱ्यास, जाहिरात कोणत्या घरी दिसली आणि माल कोणी घेतला, या दोन नोंदी आता एकाच छपराखाली ताडून पाहता येतात.