एका रेणूच्या जाडीचा थर आणि पुण्यातील तीन संचालक

मार्च 1891. लंडनच्या ‘नेचर’ साप्ताहिकात ब्रौनश्वाइग येथील आग्नेस पॉकेल्स यांचे एक पत्र प्रसिद्ध झाले. स्त्री असल्यामुळे विद्यापीठाचे दार त्यांना बंद होते. घर सांभाळत असतानाच त्यांनी पाण्याने काठोकाठ भरलेल्या एका पसरट पात्रावर पट्टी सरकवून, पृष्ठभागावरील तेलकट पदार्थाचा थर दाटवायचा आणि पृष्ठताण मोजायचा, अशी रीत बसवली होती. ते पत्र लॉर्ड रॅले यांनी स्वतःच्या शिफारशीसह संपादकांकडे धाडले.

ऑक्टोबर 1991. त्याच ‘नेचर’मध्ये ब्रायन ओ’रेगन आणि मायकेल ग्रेट्झेल यांचा सौरघटावरील शोधनिबंध आला. त्या घटात प्रकाश टिपण्याचे काम रंजकद्रव्याचा केवळ एका रेणूच्या जाडीचा थर करीत होता. या दोन लेखांमधील शंभर वर्षांत विज्ञानाचे तीन प्रवाह एकत्र आले. त्या तिन्ही प्रवाहांचे जाणकार पुण्यातील एकाच खुर्चीवर पाठोपाठ बसून गेले होते, ही गोष्ट मात्र आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही.

पहिला प्रवाह पृष्ठभागाचा. पॉकेल्स यांच्या रीतीला अर्व्हिंग लँगम्युअर यांनी 1917 मध्ये सैद्धांतिक पाया दिला : पाण्यावरील असा थर एकाच रेणूच्या जाडीचा असू शकतो आणि त्यात रेणू एका दिशेने उभे राहतात. कॅथरीन ब्लॉजेट यांनी 1930च्या दशकात असे थर काचेवर एकावर एक चढवून दाखवले.

दुसरा प्रवाह रंगाचा. 1873 मध्ये बर्लिन येथील हेर्मान फोगेल यांच्या लक्षात आले की, छायाचित्रणाच्या काचेवरील मिश्रणात योग्य रंजक मिसळले, तर एरवी हिरव्या प्रकाशाला दाद न देणारी ती काच त्यालाही प्रतिसाद देते. 1887 मध्ये व्हिएन्ना येथील जेम्स मोझर यांनी हेच विद्युतप्रवाहाच्या बाबतीत सिद्ध केले. एरिथ्रोसिन या रंजकाने रंगवलेल्या चांदीच्या इलेक्ट्रोडवर प्रकाश टाकताच मिळणारा प्रवाह वाढला.

तिसरा प्रवाह घन पदार्थाच्या पातळ थरांचा. त्यांतील अणूंची रचना कशी आहे आणि त्यांतून विद्युतप्रवाह कसा वाहतो, हा त्याचा विषय.

हे तिन्ही प्रवाह एकत्र येण्यात अडचण होती ती साध्या अंकगणिताची. प्रकाशाने उत्तेजित झालेला रंजकरेणू इलेक्ट्रॉन देऊ शकतो. पण तो रेणू अर्धवाहकाला प्रत्यक्ष चिकटलेला असेल तरच हे देणे सहज घडते. चिकटलेल्या रेणूकडून इलेक्ट्रॉन पिकोसेकंदांत किंवा त्याहूनही लवकर निघून जातो. दूरच्या रेणूची उत्तेजना बहुधा वाटेतच विरते. म्हणून थर जाड केला की प्रकाश भरपूर शोषला जातो, पण वीज मिळत नाही. थर एकाच रेणूचा ठेवला की वीज मिळते, पण सपाट पृष्ठभागावरील असा थर प्रकाशाचा जेमतेम एखादा टक्का, फार तर काही टक्के, शोषतो. उरलेला प्रकाश आरपार जातो.

ग्रेट्झेल आणि ओ’रेगन यांनी थर जाड केला नाही, पृष्ठभाग वाढवला. टायटॅनियम डायऑक्साइडच्या अतिसूक्ष्म कणांचा सुमारे 10 मायक्रोमीटर जाडीचा सच्छिद्र लेप त्यांनी तयार केला. त्याचे आतील क्षेत्रफळ सपाट क्षेत्राच्या सुमारे 780 पट होते. एका थरात अर्धा टक्का प्रकाश शोषला जातो असे धरले, तर 780 थर ओलांडून पलीकडे जेमतेम दोन टक्के प्रकाश उरतो. प्रत्येक रंजकरेणू अर्धवाहकाला चिकटलेला आणि तरीही जवळजवळ सारा प्रकाश टिपलेला! या घटाची कार्यक्षमता 7 टक्क्यांच्या पुढे गेली.

सपाट थराची वाटही बंद झाली नाही. धातूवर रंजक बसवला, तर त्याची उत्तेजना धातूच गिळून टाकतो. म्हणून रेणूतच इलेक्ट्रॉन देणारा, प्रकाश शोषणारा आणि इलेक्ट्रॉन घेणारा असे भाग ओळीने जोडण्यात आले. 2001 मध्ये जपानमधील हिरोशी इमाहोरी आणि सहकाऱ्यांनी सोन्यावरील अशा मिश्र थरातून, शोषलेल्या दर 100 प्रकाशकणांमागे सुमारे 50 इलेक्ट्रॉन मिळवले.

आता पुण्याकडे वळू. जानेवारी 1950 मध्ये राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे उद्घाटन झाले. तिचे पहिले संचालक जेम्स मॅकबेन हे पृष्ठरसायनाचे अध्वर्यू होते. पाण्याचा अगदी वरचा पातळ पापुद्रा वेगवान पात्याने खरवडून त्याचे विश्लेषण करण्याचा प्रयोग त्यांनी केला होता. 1952 मध्ये आले जॉर्ज फिंच. 1922च्या एव्हरेस्ट मोहिमेत प्राणवायूच्या नळकांड्या वापरणारे गिर्यारोहक म्हणून ते प्रसिद्ध आहेत, पण त्यांचे शास्त्रीय काम होते इलेक्ट्रॉन विवर्तनाने पृष्ठभाग आणि पातळ थर यांची रचना उलगडण्याचे. 1957 मध्ये पहिले भारतीय संचालक झाले कृष्णस्वामी वेंकटरामन. मुंबई विद्यापीठाच्या रासायनिक तंत्रज्ञान विभागाची धुरा वाहिलेले हे रंजकतज्ज्ञ. ‘द केमिस्ट्री ऑफ सिंथेटिक डाइज’ हा त्यांचा 1952 मधील ग्रंथ जगभरच्या रंजकरसायनज्ञांचा आधार ठरला.

पृष्ठभाग, पातळ थर, रंग : सोळा-सतरा वर्षांत तिन्ही विद्या एका वास्तूत नांदल्या. त्यांतून प्रकाशसंवेदी उपकरण तेव्हा जन्मले नाही, याचा दोष त्या पिढीला देणे अन्यायाचे होईल. रंजकरसायनासमोर तेव्हा कापडगिरण्यांची निकड होती. मॅकबेन आणि फिंच यांचा पुण्यातील कार्यकाळही अल्प होता. शिवाय अतिसूक्ष्म कणांचे सच्छिद्र लेप हे साधन पुष्कळ नंतरचे. पुढे याच प्रयोगशाळेत मुरली शास्त्री यांनी पाण्यावरील एकरेणवीय थर आणि नॅनोकण यांची सांगड घातली. मुंबईच्या आयआयटीत पॉर्फिरिन या रंजकाचा एकरेणवीय थर चिपमधील तांब्याला सिलिकॉनच्या दिशेने झिरपू न देणारा अडसर म्हणून वापरून पाहिला गेला. हा उपयोग प्रकाशाचा नव्हता, पण रंजकाचा रेणू विद्युत-उपकरणाचा घटक होऊ शकतो, हे त्यातून दिसले.

मी भौतिकशास्त्राचा विद्यार्थी. पदवीच्या वर्षांत ‘रंजक’ हा शब्द माझ्या अभ्यासक्रमात नव्हता. तो कापड रंगवणाऱ्यांचा विषय आहे, अशी आमची समजूत. संशोधनाला लागल्यावर कळले की, माझ्या अर्धवाहकाला रेणू चिकटेल की नाही, हे रंजकाच्या टोकावरील कार्बॉक्सिल गट ठरवतो. रंग धाग्याला पक्का कसा धरावा, या रंगाऱ्याच्या जुन्या प्रश्नाचेच हे दुसरे रूप होते. ते उत्तर शोधण्याची शिस्त माटुंग्याच्या इमारतीत कितीतरी आधीपासून शिकवली जात होती.

विद्यार्थी मित्रांनो, शाखा निवडताना कोणती विद्या जुनी आणि कोणती नवी, हा हिशेब फार मांडू नका. हा थर एका रेणूच्या जाडीचा आहे, पण तो समजण्यास एक शाखा पुरी पडत नाही. शेजारच्या विभागाचे दार ठोठावण्याची सवय मात्र पहिल्या वर्षापासूनच लावून घ्या.