वडनेर भोलजीचा कारभार

पूर्णेच्या खोऱ्यात, मलकापूर आणि नांदुरा यांच्या दरम्यान वसलेल्या वडनेर भोलजीचा स्थानिक कारभार ज्याला नीट समजून घ्यावयाचा असेल, त्याने आधी हे ध्यानात घेतले पाहिजे की कायद्याच्या दृष्टीने वऱ्हाड प्रांत दीर्घकाळ एका विलक्षण अवस्थेत होता. मोगलाईतील नरनाळा सरकारचा हा मुलूख. परगण्यावर देशमुख-देशपांडे, गावावर पाटील-पटवारी, आणि रात्रीच्या राखणीस जागल्या, अशी येथील जुनी व्यवस्था. 1853 च्या तहाने निजामाने वऱ्हाड कंपनी सरकारच्या हवाली केला, परंतु सार्वभौमत्व निजामाचेच राहिले. परिणामी कलकत्त्यास संमत झालेला कायदा येथे आपोआप लागू होत नसे, गव्हर्नर जनरलच्या हुकमानेच तो या मुलखात आणावा लागे, किंवा वऱ्हाडापुरता निराळा कायदा जाहीर करावा लागे.

1885 चा ग्रामीण बोर्डांचा कायदा असाच वऱ्हाडापुरता हुकमाने जाहीर झाला. शेतसाऱ्यावर रस्ते, शाळा आणि जागल्या यांच्यासाठी पट्टी बसे. ती भरणाऱ्या कुणब्याला त्या पैशाच्या विनियोगाविषयी बोलण्याचा अधिकार मात्र फारच थोडा असे, कारण बोर्डाची सूत्रे अंमलदाराच्या हाती होती. माझ्या मते त्या काळातील सर्वांत मोठा अन्याय हाच होय. पट्टी जड होती की हलकी, हा प्रश्न त्यामानाने गौण आहे.

पुढे मध्यप्रांत-वऱ्हाड सरकारने, द्वारकाप्रसाद मिश्र यांच्या पुढाकाराने, 1948 साली जनपद योजना अंमलात आणली. जिल्हा सोडून तहसील हा स्वराज्याचा घटक मानण्यात आला, आणि वडनेर तेव्हा मलकापूर तालुक्यात असल्याने त्याचा संबंध तेथील जनपद सभेशी जडला. कल्पना उदात्त होती. परंतु कार्यकारी अधिकार सरकारी अधिकाऱ्याकडेच राहिल्याने लोकप्रतिनिधींना तिच्यात पुरते बळ आले नाही.

पुढे महाराष्ट्रात वसंतराव नाईक समितीच्या शिफारशींवरून झालेला 1961 चा जिल्हा परिषद व पंचायत समिती अधिनियम 1 मे 1962 पासून प्रत्यक्षात आला, आणि गावात ग्रामपंचायत, तालुक्यात पंचायत समिती, बुलढाण्यास जिल्हा परिषद अशी साखळी सिद्ध झाली. परिषदेत अध्यक्ष, स्थायी समिती आणि विषय समित्या निर्णय घेतात, तर अंमलबजावणी मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याकडे असते. परिषदेला उपविधी करता येतात, पण ते अधिनियमाशी विसंगत असता कामा नयेत. मसुदा आधी प्रसिद्ध करून हरकती ऐकाव्या लागतात, आणि शासनाची मान्यता मिळेपर्यंत उपविधीला बळ येत नाही. हुकमाने कायदा येण्याच्या काळापासून हे अंतर मोठे आहे. ते केवळ कागदावर राहू नये म्हणून असा मसुदा कचेरीच्या फलकावर लावून थांबू नये, दवंडी देऊन तो चावडीवर मोठ्याने वाचावा आणि ज्यांना लिहिता येत नाही त्यांच्या हरकती तिथेच लिहून घ्याव्यात, असा माझा आग्रह आहे.