डोळ्याची बाहुली मोठी करणारे थेंब: कोणी काय काळजी घ्यावी?

डोळे तपासायला गेलं की थेंब टाकून अर्धा तास डोळे मिटून बसवतात. तेवढ्या वेळात बाहुली, म्हणजे बुबुळाच्या मधलं काळं छिद्र, मोठं होतं. ते लहान असेल तर डॉक्टरांना आतल्या पडद्याचा जेमतेम मधला भाग दिसतो. मधुमेहामुळे कडेला झालेला रक्तस्राव नजरेतून सुटू शकतो. म्हणून मधुमेह असलेल्यांनी 'आज थेंब नकोत, ऑफिसला जायचंय' असं म्हणणं महागात पडू शकतं.

नेहमीच्या तपासणीत बहुतेकदा ट्रॉपिकॅमाइड वापरतात. त्याचा परिणाम साधारण 4 ते 6 तास राहतो. तोवर जवळचं धूसर दिसतं, उजेड सहन होत नाही. गॉगल न्यावा, गाडी चालवू नये. सोबत फिनाइलएफ्रिन असेल तर रक्तदाब वाढू शकतो, त्यामुळे बीपी किंवा हृदयविकार असल्यास आधीच सांगावं.

खरा धोका आहे तो डोळ्यातलं पाणी बाहेर जाण्याचा कोन जन्मतःच अरुंद असलेल्यांना. बाहुली मोठी झाल्यावर हा कोन बंद होऊन डोळ्यातला दाब एकदम वाढू शकतो. असं क्वचितच होतं. पण झालं तर ते घरी गेल्यावर, काही तासांनीही होऊ शकतं. डोळा लाल होतो, प्रचंड दुखतो, दिव्याभोवती रंगीत वलयं दिसतात. डोकेदुखी आणि उलट्याही होतात, आणि इथेच घोळ होतो: पित्त समजून गोळी घेतली जाते. अशा वेळी सकाळची वाट न पाहता डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जावं. उशीर झाल्यास नजर कायमची जाऊ शकते.

काचबिंदूच्या प्रत्येक रुग्णाला हे थेंब वर्ज्य नसतात. ते डॉक्टर कोन तपासून ठरवतात.

लहान मुलांचा नंबर काढण्यासाठी कधी कधी ॲट्रोपिन घरी टाकायला देतात. त्याचा परिणाम आठवडाभर, कधी दोन आठवडेही राहतो. त्यामुळे तिसऱ्या दिवशी मुलाला वही धूसर दिसली तर घाबरू नये. मात्र चेहरा लाल झाला, ताप आला, तोंड कोरडं पडलं किंवा मूल बरळू लागलं तर औषध रक्तात गेलंय असं समजून थेंब थांबवावेत आणि लगेच दवाखाना गाठावा. थेंब टाकल्यावर नाकाजवळचा डोळ्याचा कोपरा एक-दोन मिनिटं बोटाने दाबून धरला की औषध नाकात कमी उतरतं. बाटली मुलांच्या हाती लागू देऊ नये, कारण ॲट्रोपिन पोटात जाणं जिवावर बेतू शकतं. उरलेले थेंब 'डोळा आलाय' म्हणून घरातल्या दुसऱ्या कोणाच्या डोळ्यात टाकू नयेत.