वसईच्या ढाली आणि सोपाऱ्याचे नाणे

वसईच्या किल्ल्यात गेलेला अभ्यासक तटबंदी पाहतो, चर्चच्या कमानी पाहतो; कोरलेल्या ढालींकडे मात्र त्याचे लक्ष क्वचितच जाते. फ्रान्सिस्कन चर्चच्या फरशीत पोर्तुगीज सरदारांच्या समाधिशिला आहेत. तेथील लेखांची नोंद गर्सन द कुन्हा यांनी १८७६ मध्ये चौल-वसईवरील आपल्या ग्रंथात घेतली. काही शिलांवर नावाच्या जोडीला घराण्याची ढाल आहे. ती जन्माने मिळते. मृताने स्वतः काय केले, हे ती सांगत नाही.

व्यक्तीचे स्वतःचे बोधचिन्ह ही निराळी गोष्ट होय. बालेकिल्ल्याच्या दरवाजावर राजढालीसोबत जो कड्यांचा गोल दिसतो, त्यास पुष्कळ लोक पृथ्वीचा गोल समजतात. वस्तुतः ते खगोलाचे यंत्र आहे. राजा दुसरा जुआंव याने ते चिन्ह आपला चुलतभाऊ व मेहुणा मानुएल यास दिले होते. मानुएल १४९५ मध्ये गादीवर आला, १५२१ मध्ये वारला. वसई पोर्तुगीजांना मिळाली ती १५३४ च्या तहाने. म्हणजे धन्याच्या मृत्यूनंतर त्याचे खासगी चिन्ह येथे राज्याचे चिन्ह म्हणून आले. १९११ च्या पोर्तुगीज ध्वजावरही तेच आहे.

वसईहून सोपारा दूर नाही. १८८२ मध्ये भगवानलाल इंद्रजी यांनी तेथील स्तूप उकरला, तेव्हा यज्ञ सातकर्णीचे चांदीचे नाणे मिळाले. अशा नाण्यांच्या एका बाजूस राजाचे मुख, दुसऱ्या बाजूस उज्जयिनी-चिन्ह व कमानींची रास असते. मुख व नाव राजाचे. पण ही चिन्हे इतर सातवाहन राजांच्या नाण्यांवरही असल्याने ती त्याची वैयक्तिक नव्हेत. कमानींच्या राशीस 'चैत्य' म्हणण्याची प्रथा आहे आणि आपल्या वाचकांना ती प्रिय आहे. परंतु अनेक विद्वान तो पर्वत मानतात. आम्हांसही तेच अधिक संभवनीय वाटते. प्रिय अर्थ म्हणून तो खरा ठरत नाही.

हीच सावधगिरी सिंहशीर्षाविषयी हवी. २६ जानेवारी १९५० पासून ते भारताचे राजचिन्ह आहे, म्हणून त्यास 'अशोकाची राजमुद्रा' म्हणण्यात येते. तसे असते तर सर्व स्तंभांवर चार सिंह आढळले असते. रामपुरव्याच्या एका स्तंभावर बैल आहे, संकिसा येथे हत्ती, लौरिया नंदनगढला एकच सिंह. सारनाथ ही धम्मचक्रप्रवर्तनाची भूमी. पालि वाङ्मयात बुद्धाच्या उपदेशास सिंहनाद म्हटले आहे. आमच्या मते तेथील सिंह राजाचे नसून शास्त्याचे आहेत.