डायनॅमिक एचटीएमएल

डायनॅमिक एचटीएमएल, संक्षेपाने डीएचटीएमएल, ही ब्राउझरमध्ये उघडलेल्या संकेतपानाचा मजकूर, रूप किंवा रचना ते पान सर्व्हरकडून पुन्हा न मागवता बदलण्याची पद्धती आहे. डीएचटीएमएल ही स्वतंत्र भाषा नव्हे आणि स्वतंत्र मानकही नव्हे. रचनेसाठी एचटीएमएल, रूपासाठी सीएसएस, कृतीसाठी जावास्क्रिप्ट आणि या तिहींना जोडणारे डॉक्युमेंट ऑब्जेक्ट मॉडेल म्हणजेच डॉम, यांच्या एकत्रित वापराला हे नाव दिले जाते. १९९७ मध्ये नेटस्केप आणि मायक्रोसॉफ्ट या कंपन्यांच्या ब्राउझरांच्या चौथ्या आवृत्त्यांबरोबर हे नाव रूढ झाले. दोन्ही ब्राउझरांतील सुविधा परस्परांशी जुळत नसल्यामुळे, सर्वत्र सारखे चालणारे पान लिहिणे हा या विषयाच्या अभ्यासाचा प्रमुख भाग ठरला. हे नाव आता मागे पडले असले, तरी ही पद्धती आजच्या वेब प्रोग्रॅमिंगचा पाया आहे.

संकल्पना

गतिमान पान ही संज्ञा दोन अर्थांनी वापरली जाते. पीएचपीसारख्या भाषेच्या साहाय्याने सर्व्हरवर प्रत्येक मागणीनुसार नव्याने तयार होणारे पान हा पहिला अर्थ. वाचकाच्या ब्राउझरमध्येच बदलणारे पान हा दुसरा अर्थ असून डीएचटीएमएलचा संबंध या दुसऱ्या प्रकाराशी आहे. उदाहरणार्थ, अर्जातील यादीतून जिल्हा निवडताच शेजारच्या यादीत केवळ त्या जिल्ह्यातील तालुके दिसू लागणे, किंवा अपूर्ण भरलेला रकाना अर्ज पाठवण्यापूर्वीच लाल रंगात दाखवणे.

हे शक्य होण्यासाठी ब्राउझर पानाचे रूपांतर एका वृक्षासारख्या रचनेत करतो. प्रत्येक परिच्छेद, चित्र वा बटण हा या वृक्षावरील एक घटक असतो. जावास्क्रिप्टमध्ये लिहिलेली आज्ञावली हा घटक शोधते, त्याचे गुणधर्म बदलते, नवे घटक जोडते किंवा जुने काढून टाकते. कळ दाबणे, माउस हलवणे, पान उघडणे यांसारख्या प्रसंगांना घटना म्हणतात. कोणती घटना घडल्यावर कोणती आज्ञावली चालवायची, हे प्रोग्रॅमर ठरवून ठेवतो.

इतिहास

जावास्क्रिप्ट ही भाषा ब्रेंडन आइक यांनी १९९५ मध्ये नेटस्केपसाठी तयार केली. मायक्रोसॉफ्टने १९९६ मध्ये इंटरनेट एक्सप्लोररच्या तिसऱ्या आवृत्तीत जेस्क्रिप्ट या नावाने तिचे स्वतःचे रूप आणले. भाषेचे पहिले मानक एक्मा-२६२ या क्रमांकाने जून १९९७ मध्ये प्रसिद्ध झाले. मात्र हे मानक केवळ भाषेपुरते होते. त्या भाषेने पानातील घटकांपर्यंत कसे पोहोचावे, हे त्यात सांगितलेले नव्हते.

१९९७ मध्ये आलेल्या चौथ्या आवृत्त्यांत हा प्रश्न दोन वेगळ्या मार्गांनी सोडवण्यात आला. नेटस्केपने लेयर नावाचा नवा टॅग आणला आणि डॉक्युमेंट.लेयर्स या संग्रहातून पानावरील थर सरकवण्याची व लपवण्याची सोय दिली. थरांबाहेरील, एकदा दिसलेला मजकूर बदलण्यास तेथे फारसा वाव नव्हता. इंटरनेट एक्सप्लोररमध्ये डॉक्युमेंट.ऑल या संग्रहातून पानातील प्रत्येक घटक उपलब्ध होता आणि बदल होताच पानाची मांडणी पुन्हा केली जात असे. परिणामी एकच परिणाम साधण्यासाठी आज्ञावली दोनदा लिहावी लागे. अनेक संकेतस्थळांनी एकाच ब्राउझरची निवड करून, पान त्याच ब्राउझरमध्ये पाहावे अशी सूचना मुखपृष्ठावर लावली.

वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियम या मानक ठरवणाऱ्या संस्थेने ऑक्टोबर १९९८ मध्ये डॉमचा पहिला स्तर आणि नोव्हेंबर २००० मध्ये दुसरा स्तर प्रसिद्ध केला. त्यातील गेटएलिमेंटबायआयडी ही पद्धत वापरून कोणताही घटक त्याच्या ओळखनामावरून मिळू लागला. इंटरनेट एक्सप्लोररच्या पाचव्या आवृत्तीने १९९९ मध्ये ही पद्धत स्वीकारली. नेटस्केपच्या २००० मधील सहाव्या आवृत्तीने तिचा स्वीकार करताना लेयर्स संग्रह काढून टाकला. त्यामुळे केवळ त्या संग्रहावर अवलंबून असलेली पाने नेटस्केपच्याच नव्या आवृत्तीत चालेनाशी झाली.

ब्राउझरांमधील प्रमुख भेद

घटनांचा प्रवाह: तक्त्याच्या एका चौकोनातील बटण दाबले, तर ती घटना बटणाची, चौकोनाची, तक्त्याची आणि संपूर्ण पानाचीही असते. नेटस्केपच्या चौथ्या आवृत्तीत ती पानाकडून बटणाकडे, वरून खाली जात असे. इंटरनेट एक्सप्लोररमध्ये ती बटणाकडून पानाकडे, खालून वर जात असे. डॉमच्या दुसऱ्या स्तराने दोन्ही टप्पे मान्य केले: घटना आधी खाली उतरते, नंतर वर चढते. त्यासाठी ठरवलेली अ‍ॅडइव्हेंटलिसनर ही पद्धत इंटरनेट एक्सप्लोररमध्ये २०११ साली, नवव्या आवृत्तीत आली. तोपर्यंत त्यासाठी अटॅचइव्हेंट ही वेगळी पद्धत वापरावी लागे.

चौकटीचे माप: सीएसएसच्या मानकानुसार रुंदी म्हणजे केवळ आतील मजकुराची रुंदी. रुंदी २०० पिक्सेल, दोन्ही बाजूंस प्रत्येकी १० पिक्सेल आतील मोकळी जागा आणि प्रत्येकी ५ पिक्सेल किनार दिल्यास चौकट एकूण २३० पिक्सेल जागा व्यापते. विंडोजवरील इंटरनेट एक्सप्लोररच्या पाचव्या आवृत्तीत मात्र हे सर्व २०० पिक्सेलमध्येच बसवले जाई आणि मजकुरासाठी १७० पिक्सेल उरत. सहाव्या आवृत्तीपासून पानाच्या आरंभी योग्य डॉक्टाइप घोषणा असल्यास मानक माप आणि नसल्यास जुने माप वापरले जाऊ लागले. जुने माप काही मांडण्यांत सोयीचे असल्यामुळे सीएसएसमध्ये पुढे बॉक्स-सायझिंग या गुणधर्माद्वारे त्याचाही पर्याय देण्यात आला.

मानकाबाहेरील सर्वच सुविधा लुप्त झाल्या नाहीत. इनरएचटीएमएल हा गुणधर्म आणि एक्सएमएलएचटीटीपीरिक्वेस्टचे मूळ रूप इंटरनेट एक्सप्लोररमध्ये प्रथम आले, इतर ब्राउझरांनी त्यांचे अनुकरण केले आणि मानकांत त्यांचा समावेश नंतर झाला. याच दुसऱ्या सुविधेवर आधारलेल्या पद्धतीला जेसी जेम्स गॅरेट यांनी २००५ मध्ये एजॅक्स हे नाव दिले.

ओळखतपासणी आणि क्षमतातपासणी

या भेदांवर मात करण्याचे दोन मार्ग प्रचलित होते. पहिल्या मार्गात ब्राउझरचे नाव व आवृत्ती वाचून त्यानुसार वेगळी आज्ञावली चालवली जाते. ब्राउझर स्वतःची जी ओळख कळवतो ती विश्वासार्ह नसते, हा या मार्गातील मूलभूत दोष होय. नेटस्केपसाठीची पाने आपल्यालाही मिळावीत म्हणून इंटरनेट एक्सप्लोररने आपल्या ओळखीत मोझिला हा शब्द घातला आणि आजही बहुतेक ब्राउझरांच्या ओळखीचा आरंभ त्याच शब्दाने होतो. शिवाय आज्ञावली लिहिताना अस्तित्वात नसलेला ब्राउझर अशा यादीत असू शकत नाही. सक्षम असूनही त्याच्या वापरकर्त्याला प्रवेश नाकारला जातो.

दुसऱ्या मार्गात ब्राउझर कोणता आहे हे न विचारता हवी असलेली सुविधा उपलब्ध आहे का, एवढेच तपासले जाते. उदाहरणार्थ, गेटएलिमेंटबायआयडी अस्तित्वात असेल तर तिचा वापर करावा, नसेल तर पर्यायी मार्ग घ्यावा. नव्याने येणाऱ्या ब्राउझरसाठी ही आज्ञावली बदलावी लागत नाही. यालाच पूरक असे दुसरे तत्त्व म्हणजे क्रमशः संवर्धन: मूळ मजकूर व अर्ज जावास्क्रिप्टविनाही वापरता यावेत आणि गतिमान सोयी त्यावर नंतर चढवाव्यात.

एका ब्राउझरवर विसंबण्याचे परिणाम दक्षिण कोरियात व्यापक प्रमाणात दिसले. तेथील ऑनलाइन बँक व्यवहार दीर्घकाळ अ‍ॅक्टिव्हएक्स या केवळ इंटरनेट एक्सप्लोररमध्ये चालणाऱ्या तंत्रावर आधारलेले होते. त्यामुळे इतर ब्राउझर वापरणाऱ्यांसाठी ते दुर्गम राहिले.

ग्रंथालये आणि मानकांचा प्रसार

इंटरनेट एक्सप्लोररच्या सहाव्या आणि सातव्या आवृत्तीत २००१ ते २००६ असे पाच वर्षांचे अंतर पडले. याच काळात फायरफॉक्स व सफारी हे ब्राउझर पुढे आले. ब्राउझरांमधील भेद स्वतःच्या आत झाकून प्रोग्रॅमरला एकच सोपी लेखनपद्धती देणारी जावास्क्रिप्ट ग्रंथालये या परिस्थितीत लोकप्रिय झाली. जॉन रेसिग यांचे २००६ मधील जेक्वेरी हे त्यांपैकी सर्वाधिक प्रसार झालेले ग्रंथालय होय. जेक्वेरीतील अनेक कल्पना, उदाहरणार्थ सीएसएसच्या निवडसूत्राने घटक शोधणे, नंतर ब्राउझरांतच अंतर्भूत झाल्या. एचटीएमएल ५ हे मानक ऑक्टोबर २०१४ मध्ये अंतिम झाले. विंडोज १० च्या बहुतेक आवृत्त्यांवरील इंटरनेट एक्सप्लोररचे समर्थन मायक्रोसॉफ्टने १५ जून २०२२ रोजी थांबवले.

देवनागरी मजकूर

युनिकोडचा प्रसार होण्यापूर्वी भारतीय भाषांतील संकेतस्थळे पानासोबत टंक पाठवत असत. त्यासाठी इंटरनेट एक्सप्लोरर आणि नेटस्केप यांची टंकस्वरूपे वेगवेगळी होती. युनिकोडमुळे ही अडचण दूर झाली, तरी मजकुरावर प्रक्रिया करताना काही भेद उरतात. जावास्क्रिप्ट शब्दाची लांबी संकेतांकांत मोजते. ‘नमस्ते’ या शब्दात वाचकाला तीन अक्षरे दिसतात, पण हलन्त व मात्रा स्वतंत्र धरल्यामुळे त्याची लांबी ६ येते. अशा मोजणीवरून मजकूर मध्येच तोडल्यास जोडाक्षर फुटते. अक्षरांच्या सीमा ओळखणारी इंटल.सेगमेंटर ही सुविधा क्रोममध्ये २०२० साली, तर फायरफॉक्समध्ये २०२४ साली आली. देवनागरी जोडाक्षर अखंड ठेवण्याचा नियम युनिकोडच्या १५.१ या २०२३ मधील आवृत्तीत आला. त्यामुळे जुन्या ब्राउझरमध्ये ‘स्ते’ चे ‘स्’ आणि ‘ते’ असे दोन भाग मिळू शकतात.

अध्ययन

या विषयाचा अभ्यास सामान्यतः एचटीएमएल, सीएसएस, जावास्क्रिप्ट आणि डॉम या क्रमाने केला जातो. डॉक्युमेंट.लेयर्स वा डॉक्युमेंट.ऑल यांवर आधारलेली जुन्या पुस्तकांतील उदाहरणे ऐतिहासिक समजावीत. कोणती सुविधा कोणत्या ब्राउझरच्या कोणत्या आवृत्तीपासून चालते, याची माहिती एमडीएन आणि कॅन आय यूज या संकेतस्थळांवर मिळते. प्रत्यक्ष चाचणी किमान ब्लिंक, गेको आणि वेबकिट या तीन इंजिनांवर करावी लागते. क्रोम, एज व ऑपेरा हे तिन्ही ब्लिंकवर चालत असल्यामुळे त्या तिघांत पान तपासणे म्हणजे बहुतांशी एकाच इंजिनावर तपासणे होय. आयफोनवरील सफारी वेबकिटवर आणि फायरफॉक्सची संगणकावरील आवृत्ती गेकोवर चालते.

हे सुद्धा पहा

जावास्क्रिप्ट
सीएसएस
डॉक्युमेंट ऑब्जेक्ट मॉडेल
एजॅक्स
युनिकोड