धान पिकविणारे नट

कलेची उपासना करावी तर पोट कोणीं भरावें, आणि पोटामागें लागावें तर कला कोणीं सांभाळावी, हा प्रश्न फार जुना आहे. वैनगंगेच्या खोऱ्यांतील झाडीपट्टीनें त्यास दिलेलें उत्तर मननीय आहे.

भंडारा, १९९९ सालीं त्यांतून वेगळा झालेला गोंदिया, गडचिरोली आणि चंद्रपूरचा पूर्वभाग मिळून ही झाडीपट्टी होते. हा मुलूख तलावांचा आणि धानाचा. पावसाळ्यांत रोवणी, दिवाळीच्या सुमारास हलक्या धानाची कापणी, मागाहून भारी धानाची. बांध्या रिकाम्या होऊं लागल्या कीं गांवोगांव मंडई भरते आणि दंडार उभी राहते. तींत नाचणारे, गाणारे, स्त्रीवेष घेणारे बहुधा गांवचेच शेतकरी व मजूर. पुढें शंकरपटाला पाहुणे जमले म्हणजे रात्रभर नाटक रंगतें. येथें कला कामाच्या आड येत नाहीं. काम विसावतें तेव्हां ती जागी होते.

इतरत्र निराळा मार्ग चोखाळला गेला. १८८० सालीं अण्णासाहेब किर्लोस्करांनीं पुण्यास ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आणलें आणि संगीत नाटकांस वैभवाचे दिवस आले. परंतु नाटक मंडळ्यांचें बिऱ्हाड बारमाही, खर्चही बारमाही. आधार काय तो तिकीटविक्रीचा. बोलपट आले आणि तो आधार खचला. कर्जानें गांजलेल्या बालगंधर्वांसही १९३५ सालीं ‘धर्मात्मा’ बोलपटांत उतरावें लागलें. झाडीपट्टींतील नटाची चूल मात्र केवळ खेळावर पेटत नव्हती.

या उत्तरासही मोल द्यावें लागतें. दिवसभर राबून रात्रीं तालीम करणाऱ्यास बालगंधर्वांसारखा अखंड व्यासंग कोठून साधावा? शिवाय धान बुडालें तर नट व प्रेक्षक दोघांचेही हात रिते होतात. आतां देसाईगंज-वडसा येथें व्यावसायिक मंडळ्या नांदतात. २०२० सालीं महामारीनें खेळ थांबविले, तेव्हां बिदागीवरच ज्यांचा संसार, त्यांचा हंगाम कोरडा गेला.

तरीही ही रंगभूमि पुन्हां उभी राहिली. ५,००० हून अधिक प्रयोगांत सुमारें ८०० भूमिका करणारे गडचिरोली जिल्ह्यांतील परशुराम खुणे यांस २०२३ सालीं पद्मश्री मिळाली. उपजीविका ही कलेची सवत नव्हे, तिची पाठराखीण होऊं शकते, हेंच या भूमीचें सांगणें आहे.